थेंबाचा ताळेबंद

नागपूरहून रायपूरकडे निघालेला महामार्ग भंडारा शहर मागे टाकतो आणि वैनगंगेच्या पुलावर चढतो. पूल संपला की नदीच्या डाव्या तीरावर कारधा लागतं. एरवी बाहेरच्या माणसाच्या कानावर या गावाचं नाव फारसं पडत नाही. पण पावसाळ्यात मात्र भंडाऱ्याच्या पुराची एकही बातमी कारध्याच्या आकड्यावाचून पुरी होत नाही. नदीची पातळी इथे मोजली जाते. समुद्रसपाटीपासून २४५.५० मीटर ही इथली धोक्याची खूण. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस, मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेलं पाणी आणि वरचा पाऊस एकत्र आले, तेव्हा वैनगंगेने ही खूण कुठल्या कुठे मागे टाकली. भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरलं, नदीकाठची गावं वेढली गेली, धानाची बांधी पाण्याखाली गेली.

आकडा चढत असतो तेव्हा साऱ्यांचे डोळे त्याच्यावर असतात. तो उतरू लागला, की छायाचित्रं काढणारे परततात, मंत्र्यांचे दौरे आटोपतात आणि आपणही वर्तमानपत्राचं पान उलटतो. खरं म्हणजे नदीकाठच्या गावाचा दुसरा, अधिक चिवट हिशेब तिथूनच सुरू होतो. पुराचं पाणी येताना एकटं येत नाही. उकिरडा, संडासाचे खड्डे, मेलेली जनावरं, गोठ्यातलं शेण, सगळ्यांना हात लावून ते विहिरीत उतरतं. पूर ओसरतो, विहीर तशीच राहते. वरून पाहावं तर पाणी निवळलेलं, चांगलं दिसतं. पण हगवण, कावीळ, विषमज्वर आणि पटकी या चारही पाहुण्यांची सोय त्यात झालेली असते.

या पाहुण्यांना परतवण्याचं काम गावात एका माणसाकडे असतं. त्याला जलसुरक्षक म्हणतात. बहुधा तो ग्रामपंचायतीचाच कर्मचारी असतो. घरपट्टीच्या नोटिसा वाटायच्या, दिवाबत्ती पाहायची, नळाची चावी फिरवायची, आणि विहिरीत किंवा टाकीत औषध टाकायचं. हे औषध म्हणजे ब्लीचिंग पावडर, गावच्या भाषेत टीसीएल. आजचा विषय आहे तो या पावडरीचा, आणि तिच्यापेक्षाही अधिक, तिच्या मापाचा. कारण दाट द्रावण पातळ करणं हे दिसायला पोरखेळ असलं, तरी त्या एका साध्या भागाकारावर आपल्या घरातली किती माणसं सुखरूप आहेत, याचा आपण सहसा विचार करत नाही.

मूठ आणि ग्रॅम

बऱ्याच ठिकाणी टीसीएलचं माप मूठ हेच असतं. एक मूठ टाकली की झालं. मूठ हे माप वाईट नाही. आपल्या आज्यांनी साऱ्या पंचक्रोशीला जेवू घातलं ते मुठीच्याच मापाने. परंतु भात शिजताना आजी झाकण काढून पाहते, शीत दाबून बघते, चुकलं तर पाण्याचा हबका मारते. विहिरीला झाकण काढून शीत दाबायची सोय नाही. तिथे हिशेबच करावा लागतो.

हा हिशेब करून पाहू. एका गोल विहिरीचा व्यास ३ मीटर आहे आणि आत ४ मीटर पाणी आहे असं समजा. व्यासाचा वर्ग करायचा, म्हणजे ९. त्याला पाण्याच्या खोलीने गुणायचं, म्हणजे ३६. त्याला ७८५ ने गुणलं की लिटर मिळतात. ७८५ हा आकडा आभाळातून पडलेला नाही, ३.१४ ला ४ ने भागून, घनमीटरचे लिटर करण्यासाठी १००० ने गुणलं की तोच येतो. ३६ गुणिले ७८५ म्हणजे २८,२६० लिटर.

चांगल्या प्रतीची पावडर साधारणपणे १००० लिटरला अडीच ग्रॅम लागते. म्हणजे आपल्या विहिरीला सुमारे ७१ ग्रॅम. हीच विहीर उन्हाळ्यात आटून पाणी १ मीटर उरलं, तर पाणी ७,०६५ लिटर आणि पावडर जेमतेम १८ ग्रॅम. मूठ तीच, विहीर तीच, पण वैशाखात तिच्या चौपट औषध पडणार आणि श्रावणात चौथा हिस्सा. वैशाखात लोक पाण्याला वास येतो म्हणून नाक मुरडतात आणि लांबच्या झऱ्यावरून पाणी आणतात. श्रावणात वास येत नाही म्हणून खूश होऊन पितात. दोन्ही वेळा धोका तोच.

पुढची मेख पावडरीतच आहे. ताज्या, चांगल्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. तो फार दिवस घरात राहणारा पाहुणा नव्हे. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं, की तो उडून जातो आणि मागे नुसता चुना उरतो. पावडर दिसते तशीच पांढरी. २० टक्क्यांच्या खाली उतरलेली पावडर आरोग्य खातं वापरण्यालायक मानत नाही. समजा आपल्या हाती आलेली बरोबर २० टक्क्यांची आहे. मग ७१ ला ३३ ने गुणून २० ने भागायचं. उत्तर येतं ११७ ग्रॅम. म्हणजे जुन्या पावडरीचं ७१ ग्रॅम टाकणारा माणूस वजन अगदी काट्यावर करूनही गावाला अर्ध्याहून थोडंच अधिक संरक्षण देतो.

आणि पावडर थेट विहिरीत फेकायची नसते. बादलीत आधी थोडं पाणी घालून पातळ खीर करायची. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळायचं आणि पाच-दहा मिनिटं स्वस्थ बसायचं. चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायचं, चुना फेकून द्यायचा. तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं. निवळ द्रावणाची बादली दोराने पाण्याखाली नेऊन वर-खाली, इकडे-तिकडे हलवायची. त्यानंतर निदान एक तास कुणी घागर बुडवायची नाही. क्लोरीनला काम करायला वेळ लागतो.

शून्य कॅरटचं सोनं

द्रावण पातळ करण्याचं गणित शाळेत रसायनशास्त्राच्या तासाला शिकवतात, त्यामुळे ते अवघड असणार असं पुष्कळांना वाटतं. खरं तर प्रत्येक सोनाराला ते येतं. बँकेत सोनेतारणावर कर्ज देताना आमच्याही समोर ते रोज यायचं. २२ कॅरटचं १० ग्रॅम आणि १६ कॅरटचं ५ ग्रॅम सोनं एकत्र आटवलं तर काय होईल? २२ गुणिले १० म्हणजे २२०, १६ गुणिले ५ म्हणजे ८०, बेरीज ३००. एकूण वजन १५. भागाकार २०. झालं २० कॅरटचं सोनं. भास्कराचार्यांनी सन ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त सुवर्णगणित म्हणून हेच प्रकरण आहे, तिथे कॅरटऐवजी ‘वर्ण’ हा शब्द येतो, एवढाच फरक.

आता दुसरं सोनं शून्य कॅरटचं आहे अशी कल्पना करा. हे शून्य कॅरटचं सोनं म्हणजे पाणी. दाट द्रावणात पाणी घातलं की आतला मूळ माल तेवढाच राहतो, फक्त तो अधिक जागेत पसरतो. म्हणून आधीची तीव्रता गुणिले आधीचं माप, बरोबर नंतरची तीव्रता गुणिले नंतरचं माप. बँकेच्या भाषेत सांगायचं, तर खात्यातली शिल्लक बदलत नाही. तीच रक्कम अधिक पाकिटांत वाटली जाते.

दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्यालाही हे सूत्र पाठ असतं. ४ टक्के स्निग्धांशाच्या एक लिटर दुधात त्याने पाव लिटर पाणी घातलं, तर ४ ला सव्वाने भागायचं, स्निग्धांश ३.२ टक्के. मोठ्यांच्या चहात ते खपून जातं. पण वरच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या बाळाच्या बाटलीत परवडावं म्हणून आणखी पाणी मिसळलं गेलं, तर बाळाचं पोट भरतं आणि अंग भरत नाही. बाटली संपली म्हणून आई निर्धास्त होते, हा त्यातला सर्वांत वाईट भाग.

एका शब्दाने मात्र सुशिक्षितांचीही फसगत होते. ‘एकास दहा’ म्हणजे काय? एका भागात दहा भाग पाणी घालायचं, की पाणी घालून एकूण दहा भाग करायचे? पहिल्या रीतीने अकरावा हिस्सा उरतो, दुसऱ्या रीतीने दहावा. इथे फरक थोडा आहे. पण ‘एकास एक’ म्हटलं की एका अर्थाने निम्मं द्रावण आणि दुसऱ्या अर्थाने पाण्याचा थेंबही न घातलेलं द्रावण. म्हणून बाटलीवरची सूचना वाचताना ‘घालून किती’ की ‘मिळून किती’ हे आधी ठरवावं.

दुसरा अनोळखी शब्द म्हणजे दशलक्षांश. एका लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. दहा लाखांच्या गठ्ठ्यात एक रुपयाचं नाणं. विहिरीत टाकलेला क्लोरीन आपलं काम करून तासाभराने जेवढा उरावा लागतो, तो या नाण्याच्या निम्मा, लिटरला अर्धा मिलिग्रॅम. तोही नसेल तर पाणी राखणीला कुणी नाही असं समजावं.

हॉरॉक्सचे पेले

इतका हिशेब करूनही एक प्रश्न उरतो. पाणी किती घाण आहे? क्लोरीन जंतूंना मारण्याआधी पाण्यातल्या सेंद्रिय मळाशी झुंजतो आणि त्यातच खर्ची पडतो. स्वच्छ विहिरीला पुरणारं माप पूर येऊन गेलेल्या विहिरीला पुरत नाही. म्हणून पुरानंतर नेहमीच्या दुप्पट, म्हणजे १००० लिटरला ५ ग्रॅम घालण्याचा प्रघात आहे. पण दुप्पटच का? तिप्पट का नाही?

याचं उत्तर शोधायची एक सुरेख युक्ती ब्रिटिश लष्करातले डॉक्टर विल्यम हॉरॉक्स यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यासाठी रूढ केली. आपल्याकडे सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमात ती आजही आहे. एका पेटीत सहा पांढरे पेले, प्रत्येकी २०० मिलिलिटरचे. एक काळा पेला, आत खूण केलेला. २ ग्रॅम पावडर मावणारा सपाट चमचा, ढवळायच्या काड्या आणि थेंब टाकायची नळी. काळ्या पेल्यात एक चमचा पावडर पाण्यात कालवून खुणेपर्यंत भरायची. पांढऱ्या पेल्यांत विहिरीचं पाणी. मग पहिल्यात काळ्या पेल्यातलं निवळ द्रावण एक थेंब, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असं सहापर्यंत. ढवळून अर्धा तास थांबायचं. नंतर प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडच्या द्रावणाचे तीन थेंब. ज्या पेल्यात क्लोरीन शिल्लक उरला असेल तो निळा होतो.

गंमत पुढे आहे. थेंबाचं प्रमाण असं बसवलेलं, की पेल्यातला एक थेंब म्हणजे १०० गॅलन, अर्थात सुमारे ४५५ लिटर पाण्यातला एक चमचा. पहिले दोन पेले पांढरेच राहिले आणि तिसरा निळा झाला, तर ४५५ लिटरला तीन चमचे, म्हणजे ६ ग्रॅम. आपल्या २८,२६० लिटरच्या विहिरीला हे गणित लावलं तर येतात सुमारे ३७३ ग्रॅम. कुठे ७१ आणि कुठे ३७३! बादलीला १०० ग्रॅम हा नियम पाळायचा तर चार बादल्या कालवाव्या लागतील. दोन्ही वेळा विहीर तीच, पाणी तेवढंच. फरक फक्त मळाचा. पेला निळा होतो का, हे पाहायला पदवी लागत नाही. अर्धा तास थांबायची तयारी मात्र लागते.

एवढ्याशा औषधावर एका मोठ्या शहराचा विश्वास कसा बसला, याचीही कथा आहे. अमेरिकेतल्या जर्सी सिटीला पाणी पुरवणाऱ्या कंपनीवर शहराने दावा लावला होता, की करारात कबूल केलेलं शुद्ध पाणी तुम्ही देत नाही. कंपनीचे सल्लागार डॉ. जॉन लील यांनी सप्टेंबर १९०८ मध्ये बूंटनच्या जलाशयावर ब्लीचिंग पावडरीचं पातळ द्रावण पाण्यात सतत सोडायला सुरुवात केली. प्रमाण दहा लाखांत एका भागाहूनही कमी. पाण्यात ‘विष’ घालायची कल्पनाच त्या वेळी लोकांना भयंकर वाटे. डॉक्टरांच्या वडिलांचा मृत्यू यादवी युद्धात दूषित पाण्यातून जडलेल्या आमांशाच्या दुखण्याने झाला होता. खटल्यात अखेर हा उपाय कोर्टाला मान्य झाला, आणि पुढच्या काही वर्षांत शहरामागून शहरांनी तो उचलला. विष आणि औषध यांतला फरक पुष्कळदा पदार्थात नसतो, मापात असतो, हे त्या खटल्याने जगाला दाखवलं.

एका लिटरचं पाकीट

आता विहिरीवरून घरात येऊ. पाणी बिघडलंच आणि पोराला जुलाब लागले, तर पुन्हा पहिलं औषध म्हणजे पातळ द्रावणच. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीने थैमान घातलं होतं. पश्चिम बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळचं शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पाकिटं बांधायला लावली, पिंपांत पाणी भरून ते द्रावण कालवलं, आणि ते पेल्याने पाजण्याचं काम नातेवाइकांवर सोपवलं. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. त्या छावणीतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

साखर आतड्यातून आत जाताना मिठाला हात धरून नेते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं, हे त्यामागचं शास्त्र. पण हे बोट धरणं ठरावीक प्रमाणातच चालतं. अनुभवावरून जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये द्रावण आणखी सौम्य केलं: लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. बेरीज २०.५ ग्रॅम. बाजारात एक लिटरची पाकिटं मिळतात तशी एका पेल्याची, २०० मिलिलिटरचीही मिळतात. मोठं पाकीट फोडून पेलाभर पाण्यात कालवलं, तर द्रावण पाचपट तीव्र होतं. तीव्र द्रावण आतड्यात गेलं की शरीरातलंच पाणी ओढून बाहेर काढतं. ज्या पाकिटाने मूल वाचायचं, त्यानेच ते अधिक सुकतं. ‘जास्त औषध, जास्त गुण’ हा आपला लाडका समज इथे नेमका उलटा पडतो.

म्हणून घरात एक लिटरची खूण केलेलं भांडं असावं. पाकीट घरात नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा म्हणजे औषधाचा, ५ मिलिलिटरचा. भाजीचा नव्हे, आणि शिगोशीग भरलेलाही नव्हे.

टोपणभर

भंडारा हा धानाचा आणि तळ्यांचा जिल्हा. धानावर तुडतुडा आला, खोडकिडा आला, की पाठीवर पंप चढतो. या पंपात पडणारं औषध मोजतात कशाने? बाटलीच्या टोपणाने. टोपण हा मुठीचाच सख्खा भाऊ. प्रत्येक बाटलीचं टोपण निराळं, औषधाची तीव्रता निराळी.

समजा लेबलावर लिहिलं आहे, की हेक्टरी १०० मिलिलिटर औषध ५०० लिटर पाण्यातून द्यावं. १०० भागिले ५०० म्हणजे लिटरला ०.२ मिलिलिटर. पंप १५ लिटरचा असेल तर त्यात औषध ३ मिलिलिटर. तीन! एवढंसं औषध पाहून शेतकऱ्याच्या मनाला समाधान होत नाही. शेजारच्या बांधीवरचा म्हणतो, दोन टोपणं टाक, कीड मेली पाहिजे. दोन टोपणं म्हणजे कदाचित पाचपट, सहापट. कीड त्याने पाचपट मरत नाही. मेलेलं पुन्हा मरत नसतं. वाढीव माप जातं ते बांधीच्या पाण्यात, तिथून नाल्यात, आणि फवारणाऱ्याच्या उघड्या हातांत, श्वासात.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं, हे महाराष्ट्र विसरलेला नसावा. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत गेले. कारणांची जंत्री मोठी होती. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, जोरदार फवारणारे नवे पंप, दोन-तीन औषधांची एकत्र मिसळ, हातमोजे आणि मास्क यांचा अभाव. पण त्या जंत्रीत मापाचाही वाटा होता. त्यात एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी. ज्याने औषध विकत आणलं, ज्याने ते कालवलं आणि ज्याने ते पाठीवर घेतलं, ही पुष्कळदा तीन निरनिराळी माणसं असतात. लेबल पहिल्याजवळ राहतं आणि विष तिसऱ्याच्या अंगावर येतं. कालवणाराच्या हाती दहा रुपयांची सुई नसलेली सिरिंज असली, तर तीन मिलिलिटर ही कल्पना राहत नाही, दिसणारी वस्तू होते.

शहरी वाचकांनी यावर हळहळून स्वतःला निर्धास्त समजू नये. न्हाणीघरातली फरशी पांढरी व्हावी म्हणून ब्लीचच्या द्रावणात संडास साफ करायचं ॲसिड मिसळणारे आपल्यातही आहेत. या दोघांची गाठ पडली की क्लोरीनचा वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो माणसाची छाती जाळतो. मापाच्याही आधीचा नियम हा, की काय कशात मिसळू नये.

नदीवर टाकलेला भरवसा

पातळ करण्याचा सर्वांत मोठा प्रयोग मात्र आपण नदीवर करत आलो. गटाराचं पाणी नदीत सोडा, नदी ते पातळ करून टाकील, हा माणसाचा जुना भरवसा. तो अगदीच अडाणी नव्हता. इंग्लंडच्या मलनिस्सारण आयोगाने १९१२ मध्ये सांडपाण्यासाठी मर्यादा ठरवून दिली, तेव्हा त्यामागे एक अट गृहीत होती: सांडपाण्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी नदीत वाहतं असलं पाहिजे. मर्यादा जगभर पसरली. अट वाटेत कुठेतरी गळून पडली.

नागपूरचं सांडपाणी नाग नदी कन्हानेत नेते आणि कन्हान अंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते. भंडारा आणि कारधा या संगमाच्या वरच्या अंगाला आहेत. म्हणजे नदीच्या रीतीने पाहिलं तर नागपूरची घाण त्यांच्या वाट्याला यायचं कारण नाही. परंतु संगमाच्या खाली गोसीखुर्दचं धरण झालं. त्याचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झालं होतं. धरणात पाणी साठू लागलं तसा फुगवटा वर सरकत भंडाऱ्यापर्यंत आला. वाहती नदी थबकली. नळाला येणाऱ्या पाण्याविषयी भंडारेकर वर्षानुवर्षं तक्रार करत आले, त्याचं मूळ या थबकण्यात आहे. आपल्या सूत्रात पाण्याच्या जागी स्वच्छ पाणीच धरलेलं असतं. शून्य कॅरटऐवजी कथिल मिसळलं, तर सोनार काय करणार?

दोराच्या गाठी

सारा हिशेब अखेर येतो तो जलसुरक्षकापाशी. महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड देण्याची पद्धत आहे. पाच वर्षं साथ न आलेल्या गावाला चंदेरी. कार्डाचा रंग ठरतो तो बऱ्याच अंशी या माणसाच्या हातांवर. त्याच्याकडून आपण व्यास, वर्ग आणि टक्केवारी यांची अपेक्षा करतो, आणि त्याच्या हाती साधा तराजू देत नाही.

याला खर्चिक उपाय लागत नाही. ज्या विहिरीचा व्यास ३ मीटर आहे, तिच्यात पाण्याचा प्रत्येक मीटर म्हणजे ७,०६५ लिटर, आणि प्रत्येक मीटरला पावडर सुमारे १८ ग्रॅम. एका दोराला तळाशी दगड बांधावा आणि दर मीटरला एक गाठ मारावी. दोर तळाला टेकवून वर ओढला, की किती गाठी भिजल्या ते मोजावं. गाठीमागे १८ ग्रॅम. चार गाठी भिजल्या तर ७२. पुरानंतर दुप्पट, आणि पेले असतील तर पेले सांगतील तेवढे. विहिरीचा व्यास काही दरवर्षी बदलत नाही. म्हणून वर्ग, गुणाकार, ७८५ हे सगळं गावातल्या शाळेच्या मास्तरांनी किंवा सातवीतल्या मुलांनी एकदाच करावं आणि विहिरीच्या कठड्यावर तेलरंगाने लिहून ठेवावं. दोन मीटर व्यासाची विहीर असेल तर गाठीमागे ८ ग्रॅम. चार मीटरची असेल तर ३१. शेजारी एक वजनाचा काटा, झाकण घट्ट लागणारा डबा, आणि पोतं उघडल्याची तारीख.

ज्यांच्याकडे विहीर नाही, नळ आहे, त्यांनीही ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत एकदा जाऊन विचारावं: आज आमच्या पाण्यात उरलेला क्लोरीन किती? तपासनळीतल्या पाण्याला रंग येतो की नाही हे पाहायला दोन मिनिटं लागतात. त्याची नोंद रोज वहीत व्हायला हवी. बँकेत दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय कुणाला घरी जाता येत नाही. पाण्याची शिल्लक तर त्याहून मोलाची. कारध्याच्या पुलाजवळचा आकडा जसा पावसाळ्यात साऱ्या जिल्ह्याला तोंडपाठ असतो, तसा हा अर्ध्या मिलिग्रॅमचा आकडाही लोकांच्या तोंडी आला, तर पुढचा पूर ओसरल्यावर विहिरीवर दोर, काटा आणि दोन बादल्या घेऊन उभा असलेला माणूस एकटा पडणार नाही.